टाकीत सोडलेला कंदील

पहारीनं दुसरी फरशी बाजूला सरकली तसा बावतीस मागे हटला. गळ्यातला पंचा नाकावर दाबून तो म्हणाला, "दिगू, तुझे पाव्हणे खातत तरी काय रे?"

"तूच इकललीं सुंगटां," दिगू म्हणाला. कोळंबीला इकडे सुंगटां म्हणतात.

स्वयंपाकघरातून सासूबाई हसल्या आणि लगेच म्हणाल्या, "दार लावा रे ता. करंज्यांक वास लागात."

मी दार लावलं, पण स्वतः बाहेरच्या बाजूला थांबले. कुजक्या अंड्यांसारखा तो वास परसभर पसरला होता. बाकीच्यांना तो घाण वाटत होता. मला त्याचं नाव माहीत होतं.

दिवाळीच्या सुट्टीतली ही गोष्ट, वीसेक वर्षांपूर्वीची. माझं सासर मालवणच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका गावात. मी मूळची कराडची. कुडाळला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि सुट्टी लागली की इथे येत होते. माझा नवरा अनंत गोव्यात औषधांच्या कारखान्यात नोकरीला, तो लक्ष्मीपूजनाला यायचा होता. दिगंबर, म्हणजे दिगू, माझा धाकटा दीर. त्याने घराच्या मागच्या अंगाला चार खोल्या बांधून पर्यटकांसाठी न्याहारी-निवास सुरू केला होता. खोल्या नव्या होत्या, संडास नवे होते, पण त्या सगळ्यांचे पाइप सोडले होते घराच्या जुन्या सेप्टिक टाकीत. ती टाकी माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, पाच माणसांच्या हिशोबानं चिऱ्यात बांधून घेतलेली होती.

आदल्या हंगामात मी दिगूला म्हटलं होतं, की टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यायला हवी. तो म्हणाला होता, "वैनी, आमची टाकी बांधल्यापासून एकदाव उपसूक लागली नाय. जांभो सगळा पिता."

या भागात टाकी न भरणं ही अभिमानाची गोष्ट होती. लोक ती सांगायचे, जसं एखाद्या म्हशीचं दूध सांगतात. पण जांभा पाणी पितो, गाळ पीत नाही. टाकीत जड ते खाली बसतं, हलकं ते वर तरंगतं आणि मधलं पाणी तेवढं पलीकडच्या शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरतं. गाळ काढलाच नाही तर तो चढत जातो, पाण्याबरोबर पाइपात शिरतो आणि शेवटी पाइप तुंबतो, खड्ड्याच्या दगडांमधल्या फटीही बुजतात. शोषखड्ड्यावर सासूबाईंनी अळू लावलं होतं. त्या वर्षी त्याची पानं सुपाएवढी झाली होती आणि त्याच्या आजूबाजूला पाय ठेवला की जमीन दबत होती. सगळ्यांनी अळूचं कौतुक केलं. मग शेवटच्या खोलीतल्या संडासातून पाणी उलटं वर आलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून पाहुणे यायचे होते, हंगामातले पहिले. गाळ ओढून नेणारा टँकर तालुक्याच्या गावाहून येतो. तो माणूस म्हणाला होता, आता दिवाळी झाल्यावर. म्हणून दिगूनं बावतीसला बोलावलं. बावतीस शेजारच्या वाडीतला, दिगूचा शाळेपासूनचा मित्र, खाडीत होडी असलेला. त्याच्याकडे चिखल ओढणारा पंप होता. विहिरीपासून लांब, माडांच्या पलीकडे एक चर खणून दोघांनी टाकीतलं पाणी तिकडे काढायला सुरुवात केली. दुपारची जेवणं झाली तेव्हा पंप नुसता गुरगुरायला लागला. तळाशी गुडघाभर गाळ उरला होता आणि तो पंपाला ओढवत नव्हता.

दिगूनं बांबू घालून बघितला. शोषखड्ड्याकडे जाणारा पाइप पलीकडच्या कोपऱ्यात होता, फरशीखाली. बांबू तिथवर पोचत होता, वळत नव्हता.

"उतरूकच होया," दिगू म्हणाला. "आत जावन हातानं पाइप मोकळो केलो काय सुटलो."

"भाऊजी, उतरायचं नाही," मी म्हटलं.

"नाय तर काय करू? पुण्याच्या लोकांक माडाच्या मुळात बसवू?"

बावतीस हसला. आबा हसले नाहीत. ते इतका वेळ पडवीच्या टोकाला खुर्चीवर बसून होते. ते उठले, आत गेले आणि कंदील घेऊन आले.

इथे थोडं आबांबद्दल सांगायला हवं. विहिरीला इकडे बाव म्हणतात. आबांनी उभं आयुष्य बावी उपसण्याचं आणि खोल करण्याचं काम केलं. त्यांची सात-आठ माणसांची टोळी असे आणि ते तिचे मुकादम. जुन्या, बंद पडलेल्या बावीत माणूस उतरवायच्या आधी ते दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडत. कंदील विझला तर त्या दिवशी कुणीही उतरायचं नाही, मालक कितीही ओरडो. पेटता राहिला तर उतरायचं. आबांनी "उतर" म्हटल्याशिवाय कुणी दोरीला हात लावत नसे आणि "उतर" म्हटल्यावर कुणी मागे बघत नसे. आसपासच्या गावांत नवी बाव खणली तरी लोक आधी त्यांना कंदील घेऊन बोलवत, एखाद्या कार्याला भटजी बोलवावा तसं.

"आबा, गाऱ्हाणा घालूचा नाय?" बावतीसनं विचारलं. काम सुरू करण्याआधी नारळ ठेवून त्या जागेच्या राखणदाराला, देवचाराला, आबा मोठ्यानं गाऱ्हाणं घालत ते त्याला माहीत होतं.

"संडासाक कसला गाऱ्हाणा?" आबा म्हणाले. "तू तुझ्या चर्चातल्या सायबाक सांग हवा तर."

"आमचो सायब पण हंय येवचो नाय."

आबांनी वात पेटवली, काच खाली केली, दोरीची गाठ दोनदा ओढून पाहिली आणि कंदील टाकीच्या तोंडातून सावकाश आत सोडला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. ज्योत थोडी थरथरली आणि स्थिर झाली. गाळाच्या वर हातभर अंतरावर कंदील शांत जळत राहिला. आतल्या चिऱ्यांवर त्याचा पिवळा उजेड पडला.

"हवा आसा," आबा म्हणाले.

"आणि वास पण गेलो," बावतीस पंचा गळ्यात टाकत म्हणाला.

खरंच गेला होता. मीही श्वास घेऊन बघितला. काहीच येत नव्हतं.

त्याच वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला. "अजून कितीक वेळ रे? हंय उभ्या रवाक होणा नाय, इतको वास मारता."

मी खिडकीकडे बघितलं, मग टाकीकडे. सासूबाई टाकीपासून आमच्या तिप्पट लांब होत्या.

बी.एस्सी.ला असताना आमच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात किपचं उपकरण असे. त्यात हा वायू तयार करून क्षारांच्या परीक्षेसाठी वापरत. नवीन मुलं नाक मुरडायची. आमच्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, वास येतोय तोवर मला त्रास देऊ नका; वास यायचा थांबला की मात्र आधी बाहेर पळा आणि मग मला सांगा. हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला तर नाकाला लगेच कळतो. जास्त झाला की वास घेणारी नसच बधिर होते. आणि तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचून राहतो.

दिगूनं सदरा काढला. बावतीसनं त्याच्या काखांखालून दोरी घेऊन छातीवर गाठ मारली.

"भाऊजी, थांबा," मी म्हटलं. "वास गेलेला नाही. आपलं नाक गेलंय. आई आत बसून अजून वास येतो म्हणतायत, ऐकलंत ना?"

"आईक शेजारच्या घरातलो वास पण हंय येता."

"आत विषारी वायू आहे. गाळ ढवळला की अजून सुटेल. तुम्ही पाय टाकलात की तेच होणार."

"वैनी, कंदील बघा."

"कंदिलाला हवा लागते, तेवढी आत आहे. पण हवेत विष मिसळलेलं असलं तर ते कंदिलाला कळत नाही. शिवाय आत पेट घेणारा वायूही असतो, कंदील सोडणंच मुळात..."

मी थांबले. आबा माझ्याकडे बघत होते. माझ्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. त्या काळात मी त्यांच्यासमोर त्यांच्या कामाबद्दल एक शब्द बोललेले नव्हते.

"आबा," मी म्हटलं, "विहिरीत तुमचं बरोबर असेल. विहिरीत बहुतेक वेळा हवाच संपलेली असते, तिथे कंदील विझतो. ही विहीर नाही."

"बाय," ते शांतपणे म्हणाले, "ह्या कंदिलान मी किती माणसां उतरवलंय, माका मोजूक येवचा नाय."

"माहीत आहे."

"मगे?"

त्यांच्यापुढे मी काय ठेवणार होते? पुस्तकातलं एक वाक्य, आणि प्रयोगशाळेतल्या बाईंचं दुसरं.

"बावती, धर रे," दिगू म्हणाला आणि टाकीच्या काठावर बसला.

तेव्हा माझ्या मनात चांदी आली. चांदी या वायूत काळी पडते, ओली असेल तर फार लवकर. घरात चांदीचं निरांजन होतं, ते देवघरात. आत जाऊन आणेपर्यंत दिगू खाली गेला असता. मी पायरीवर बसले आणि पायातली जोडवी ओढायला लागले.

बोटं सुजल्यासारखी झाली होती, जोडवं निघेना. पायरीशी भांडी घासायच्या साबणाची वाटी होती, त्यातला साबण लावून मी ते पिळून काढलं. दारात आलेल्या सासूबाईंनी ते बघितलं.

"सूनबाय, ह्या काय करतंस?" त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "घोव जिवंत आसा तुझो. सणासुदीच्या दिवसांत जोडवी काढतंस?"

आबांनी मान दुसरीकडे फिरवली. दिगू काठावरून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, पण पाय अजून बाहेरच होते. तेवढा वेळ मला मिळाला.

"बावतीस, तुझ्याकडे गळाची दोरी आहे?"

त्याच्या कमरेच्या पिशवीत ती नेहमीच असे, शिसं लावलेली. मी जोडवं पाण्यात बुडवलं, दोरीच्या टोकाला बांधलं आणि टाकीत सोडलं. कंदिलाच्याही खाली, गाळाला टेकेल न टेकेल असं. जोडवं सकाळीच चिंचेनं घासलेलं होतं, पांढरं स्वच्छ.

माडावरून एक सुका नारळ पडल्याचा आवाज झाला. मी मनात श्वास मोजत होते, माझे नाही, दिगूचे; तो आत असता तर एव्हाना किती झाले असते ते.

मी दोरी वर ओढली. जोडवं आधी पिवळसर तपकिरी दिसलं, मी बोटात फिरवलं तर खालची बाजू काळी झाली होती.

"हे बघा," मी ते दिगूच्या हातात दिलं. "एवढ्या वेळात."

त्यानं ते बघितलं. बावतीसला दाखवलं. मग माझ्या हातात परत दिलं.

"वैनी, चांदी ती. काळी पडतलीच. पावसाळ्यात तर ट्रंकेत ठेवलली पण पडता."

"महिन्यांनी पडते. अशी नाही."

"आणि मी चांदीचो नाय." बावतीस या वेळी हसला नाही. दिगूनं दोन्ही पाय टाकीच्या तोंडातून आत सोडले, हातांवर भार घेतला. "माका पाच मिनटां पुरे. दम धरून जातंय, वर येतंय."

"दम धरून हाताचं काम होत नाही, दिगू." मी त्याला पहिल्यांदाच नावानं, एकेरी हाक मारली होती. "एक श्वास घेशील आणि पडशील. मग तुला काढायला बावतीस उतरेल. तोही पडेल. मग आबा उतरतील."

"दोरी आसा ना?"

"गाळात तोंड खाली करून पडलेला माणूस ओढून काढायला किती वेळ लागतो, बावतीसला विचार."

बावतीसनं दोरी मनगटाला गुंडाळली होती. त्यानं ती हळूहळू सोडवायला सुरुवात केली, पण पूर्ण सोडली नाही. तो आबांकडे बघत होता. दिगूही बघत होता. सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होते आणि तो माझ्या हातात नव्हता.

"बाय," आबा म्हणाले.

"काय, आबा?"

"वास पयलो येता, आणि मगे येणा नाय. असा म्हणतंस?"

"हो. वायू वाढला की नाक काम करेनासं होतं. माणसाला वाटतं, गेला."

"आणि कंदील?"

"पेटतच राहतो."

"शेवटपर्यंत?"

"हो."

ते काठाजवळ आले. कंदिलाची दोरी त्यांनी हातात घेतली, पण ओढली नाही. आत बघत त्यांनी विचारलं, "ह्यो वायू फक्त संडासात होता?"

"नाही. पाण्याखाली काहीही कुजलं की होतो. पालापाचोळा, शेण, काथ्यासाठी भिजत घातलेली सोडणं."

सोडणं हा शब्द मी सहज घेतला होता. नारळाची सोडणं खाडीकाठी सगळीकडे कुजत घातलेली दिसायची, म्हणून. वर्गात सांगताना विद्यार्थ्यांच्या ओळखीचं उदाहरण द्यावं, तसं.

आबांचा दोरीवरचा हात तसाच राहिला. मग त्यांनी कंदील वर ओढायला सुरुवात केली, एकावर एक हात टाकत, त्यांच्या नेहमीच्या सवयीनं. कंदील बाहेर आला. ज्योत सरळ होती, काचेवर काजळीचा एक ठिपका नव्हता. आबांनी तो जमिनीवर ठेवला, खाली वाकले आणि वात फिरवली. ज्योत आत गेली.

"कंदील इझलो," ते म्हणाले.

दिगू हसला. "आबा, तुमीच इझवलात."

"इझलो म्हणतंय मी. वर ये."

"अहो पण..."

"कंदील इझल्यावर माझ्या दोरयेर कोण उतरणा नाय. तुका म्हायत आसा."

"माका ह्या पटना नाय. उद्या माणसां येतली, तेंका काय सांगू? म्हाताऱ्यान कंदील इझवलो म्हणान सांगू?"

आबा त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले. त्यांना तसं बसणं जड जात असे. त्यांनी दिगूच्या छातीवरची दोरीची गाठ मुठीत धरली.

"बाबलो पण असोच बसललो," ते म्हणाले. "पाय आत सोडून. असोच हसत होतो."

दिगूचा चेहरा बदलला. बाबल हे आबांच्या धाकट्या भावाचं नाव. तो तरुणपणी एका बावीत गेला, एवढं मला ठाऊक होतं. घरात त्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जायची. त्या दिवशी आबा घाईत होते, नारळ ठेवायचा राहिला, गाऱ्हाणं अर्धंच घातलं, आणि देवचारानं बाबलकाकांना ठेवून घेतलं. दर वर्षी आबा एकटेच त्या बावीवर नारळ घेऊन जात. मी हे सगळं ऐकलं होतं, आणि बाहेरून आलेल्या माणसानं असं ऐकावं तसंच ऐकलं होतं, मान हलवत.

"काथ्यावाल्याची बाव ती," आबा म्हणाले. ते दिगूशी बोलत होते, पण गाठ सोडत नव्हते. "तेनां सोडणां कुजत घातललीं तेच्यात, वर्साची. ती काढून बाव साफ करूची होती. सकाळी वास येय होतो. दुपारी गेलो. बाबलो म्हणालो, दादा, वास गेलो. मी कंदील सोडलंय. पेटलो. मी म्हटलंय, उतर."

बावतीसच्या हातातून दोरी खाली पडली.

"कंदील पेटतोच होतो," आबा म्हणाले. "बाबलो खाली पडललो आणि ह्यो तेच्या बाजूक पेटतोच होतो. म्हणान मी म्हटलंय, हवा तर आसा. म्हणजे दुसऱ्या कोणी तरी न्हेलो."

दिगूनं एक पाय वर घेतला, मग दुसरा. आबांनी गाठ सोडली नाही, म्हणून तो तसाच वाकलेला राहिला, बापाच्या मुठीत, उघड्या अंगानं.

"सोडा आबा," तो म्हणाला. "इलंय वर."

फरशा आम्ही चौघांनी मिळून परत बसवल्या. त्या संध्याकाळी दिगू माझ्याशी बोलला नाही. पाहुण्यांची सोय बावतीसच्या बहिणीकडे झाली. ते निघाले तेव्हा तिनं त्यांना सुंगटांचं लोणचंही बांधून दिलं आणि पुढची दोन वर्षं ती माणसं तिच्याकडेच उतरली, यावरून दिगू बावतीसला बोलत राहिला. अनंत लक्ष्मीपूजनाला आला तेव्हा सासूबाईंनी त्याला जोडव्याची गोष्ट सांगितली, बाकीची नाही.

दिवाळी झाल्यावर टँकर आला. जाड पाइप आत सोडून त्यानं वरूनच सगळा गाळ ओढला. शोषखड्डा पूर्ण बसला होता, तो सोडून द्यावा लागला. त्याऐवजी माडांच्या बाजूला लांब उथळ चर खणले, त्यांत खडी घालून भोकांचे पाइप टाकायचं ठरलं, म्हणजे पाणी एका जागी न साचता पसरून मुरेल. चराचा उतार अगदी थोडा लागतो. जास्त झाला तर सगळं पाणी एका टोकाला पळतं. मी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकं जुळवत होते. दुसरं टोक धरायला आबा आले. दिगू खडी आणायला गेला होता.

"वर घ्या थोडं," मी म्हटलं. त्यांनी घेतलं.

"बाय, एक इचारतंय."

"विचारा."

"तेका कळला आसात?"

मी नळी तशीच धरून ठेवली. दोन्ही टोकांतलं पाणी हलत होतं.

"बाबलकाकांना?"

"मी दोरी धरललंय," ते म्हणाले. "तो तळाक पोचलो आणि दोरयेक एक हिसको इलो. एक हिसको म्हणजे वर घेवा. दोन म्हणजे सैल सोडा. एकच इलो. पण तो आताच उतरललो, लगेच वर कित्याक येयत? माका वाटला दुसरो येतलो. मी वाट बघलंय. मगे वाटला, दुसरो माझ्या हाताक लागलो नसतलो. मी सैल सोडलंय."

हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मी विचारलं नाही, पण ते कळत होतं. नारळाची आणि गाऱ्हाण्याची गोष्ट इतकी वर्षं घरात चालली होती. दोरीची कुणाच्याच तोंडी नव्हती.

खूप वायू असेल तर एका-दोन श्वासांत माणूस कोसळतो. कमी असेल तर डोकं गरगरतं, पाय जड होतात, आपल्याला काहीतरी होतंय हे समजतं, आणि दोरी ओढण्याइतकी शुद्ध राहते. त्या बावीत किती होता हे कुणी मोजलं नव्हतं. आता मोजता येणार नव्हतं.

"नाही कळलं, आबा," मी म्हटलं. "एका श्वासात जातो माणूस. हिसका तो पडला त्याचा होता."

"पडलो तेचो."

"हो."

ते नळीतल्या पाण्याकडे बघत राहिले. "आता बरोबर आसा?" त्यांनी विचारलं.

मी बघितलं. दोन्हीकडचं पाणी थांबलं होतं. "बरोबर आहे."

त्यानंतरही ते काथ्यावाल्याच्या बावीवर नारळ घेऊन जात राहिले. मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. दिगूनं टाकी दर दोन वर्षांनी उपसून घ्यायला सुरुवात केली आणि त्याच्याकडे राहायला येणाऱ्या लोकांना तो स्वतःच ती गोष्ट सांगे, जोडव्यासकट, त्यात स्वतःला जरा जास्त शहाणा करून.

आबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात ते कुडाळला दवाखान्यात होते आणि कॉलेज सुटलं की मी त्यांच्याजवळ बसत असे. एका दुपारी मला वाटलं त्यांना झोप लागली आहे. मी खिडकीचा पडदा ओढायला उठले.

"बाय," ते म्हणाले. "तेका कळला नाय ना?"

"नाही, आबा. एका श्वासात."

त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी टाकीच्या काठावर बघितलं होतं तसं.

"तू थंय नव्हतंस," ते म्हणाले.

"नव्हते."

"त्या बावीत किती वायू होतो, तुका म्हायत आसा?"

मी त्यांना खोटं सांगू शकले नाही. "नाही," मी म्हटलं.

"मगे कसा सांगतंस?"

बाहेर वऱ्हांड्यात कुणीतरी बादली सरकवली. आबांनी चादरीवरचा हात उलटा केला, तळवा वर, जसा ते दोरी मागताना करत. मी माझा हात त्यात ठेवला.

"बरा," ते म्हणाले. "परत सांग."

मी परत सांगितलं.